मेलिऑइडोसिसजन्य लसीकाग्रंथिशोथ

मेलिऑइडोसिसजन्य लसीकाग्रंथिशोथ : उष्ण कटिबंधातील माती व पाण्यात राहणाऱ्या बर्खोल्डेरिया स्यूडोमालाय या जंतूमुळे लसीकाग्रंथींना येणारी, बहुधा पू धरणारी सूज. मेलिऑइडोसिस हा रोग मुख्यतः न्यूमोनिया, रक्तातील जंतुदोष किंवा यकृत, प्लीहा इ. अवयवांतील गळवे या रूपांत आढळतो. ग्रंथींची सूज हे त्याचे कमी आढळणारे रूप असले, तरी त्याची क्षयाशी सहज गल्लत होत असल्याने त्याला विशेष महत्त्व आहे.

या रोगाचे पहिले वर्णन आल्फ्रेड व्हिटमोर व सी. एस. कृष्णस्वामी यांनी १९१२ मध्ये रंगून येथील रुग्णांवरून केले. ईशान्य थायलंड व उत्तर ऑस्ट्रेलिया येथे तो सर्वाधिक अभ्यासला गेला आहे. भारतातील आरंभीची नोंद १९९१ मधील असून ती मुंबईतील बालरुग्णाची आहे. पुढे कर्नाटकाची किनारपट्टी, केरळ व तमिळनाडू येथून अनेक रुग्णांची नोंद झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सु. १,६५,००० लोकांना हा रोग होतो व सु. ८९,००० दगावतात.

संसर्ग : त्वचेवरील जखमा, दूषित पाणी पिणे आणि धूळ वा तुषार श्वासावाटे आत जाणे, या मार्गांनी जंतू शरीरात शिरतो. त्यामुळे भातखाचरात अनवाणी राबणाऱ्यांना धोका अधिक असतो व पावसाळ्यात रुग्ण वाढतात. मधुमेह हा सर्वांत मोठा जोखीम घटक होय. दीर्घकालीन मूत्रपिंडविकार व अतिमद्यपान यांमुळेही धोका वाढतो. मुलांमध्ये मात्र असा कोणताही पूर्वविकार नसताना रोग होऊ शकतो. जंतू पेशींच्या आत तग धरत असल्याने तो वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतो.

लक्षणे : मान, काख किंवा जांघेतील ग्रंथी सुजते, दुखते व ताप येतो. पुढे ती मऊ पडते आणि कधी त्वचा फुटून पू वाहू लागतो. आग्नेय आशियातील मुलांमध्ये मानेतील ग्रंथींबरोबर कानाखालच्या लाळग्रंथीतही गळू होते. काही रुग्णांत सूज आठवडे किंवा महिने सावकाश वाढते, वजन घटते आणि चित्र थेट गंडमाळेसारखे (मानेतील ग्रंथींच्या क्षयासारखे) दिसते.

निदान : ग्रंथीच्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केल्यास क्षयात दिसतात तशाच कणिकागाठी व ऊतिमृत्यू आढळू शकतात. म्हणून केवळ त्या तपासणीवर विसंबता येत नाही. पू, रक्त व लघवी यांचे जंतुसंवर्धन हाच निदानाचा मुख्य आधार आहे. त्यासाठी ॲशडाउन हे खास माध्यम वापरतात. प्रयोगशाळेत हा जंतू दुसराच समजला जाण्याची किंवा बाहेरून मिसळलेला म्हणून टाकून दिला जाण्याची शक्यता असते. एका संवर्धनात तो न आढळल्याने रोग नाही असे ठरत नाही. रोग सिद्ध झाल्यास छाती व पोटाच्या तपासण्या करून इतरत्र गळवे आहेत का, हे पाहावे लागते.

उपचार : पेनिसिलिन, ॲम्पिसिलिन व बहुधा जेंटामायसिन यांना हा जंतू दाद देत नाही. प्रथम किमान दोन आठवडे शिरेतून सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम देतात. नंतर जंतूचे समूळ उच्चाटन व्हावे म्हणून कोट्रायमोक्साझोलच्या गोळ्या सु. तीन महिने घ्याव्या लागतात. मोठे गळू असल्यास पू काढून टाकतात. बरे वाटताच औषध सोडल्यास रोग उलटू शकतो.

प्रतिबंध : या रोगावर मान्यताप्राप्त लस नाही. शेतात गमबूट घालणे, जखमा झाकणे, पाणी उकळून पिणे व मधुमेह आटोक्यात ठेवणे हे उपाय हितकारक ठरतात. क्षयावरील औषधांनी ग्रंथी ओसरत नसेल, तर तीच औषधे पुढे रेटण्याऐवजी तिच्यातील पू जंतुसंवर्धनासाठी पाठवला पाहिजे.