भार ढकलण्याची सुरक्षित मर्यादा

गाडी, ठेला किंवा खाणीतला टब ढकलताना कामगाराला इजा न होता जेवढा जोर लावता येतो, ती ही मर्यादा. उचलण्याची मर्यादा वजनात सांगतात, ढकलण्याची जोरात; त्यामुळे गोणीचा आकडा गाडीला लागू पडत नाही. भंडारा जिल्ह्यात हा प्रश्न मुख्यतः धानाच्या गिरण्या व गोदामांतील हमालांचा आहे.

कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 34 ने इजा होईल इतके वजन उचलायला, वाहायला किंवा हलवायला लावण्यास मनाई केली. कलमात आकडा मात्र नव्हता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1967 च्या शिफारशीतील प्रौढ पुरुषासाठी 55 किलो ही मर्यादा हाताने वाहायच्या ओझ्याची आहे. माथाडी कायदा (1969) हमालांची नोंदणी, मजुरी आणि कल्याण पाहतो.

ढकलण्याचे आकडे ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेने दिले आहेत. गाडी हलवताना पुरुषाने सुमारे 20 किलो आणि स्त्रीने 15 किलो, तर चालत्या गाडीला अनुक्रमे 10 व 7 किलोइतका जोर लावावा. हात मुठीच्या उंचीपासून खांद्यापर्यंतच असावेत आणि एका दमात सुमारे 20 मीटरच जावे. 40 किलोचे दहा कट्टे (धानाच्या गोण्या) लादले की 400 किलो झाले. गुळगुळीत फरशीवर, चाके ठीक असतील तर त्याला वजनाच्या 2 टक्के, म्हणजे 8 किलो जोर पुरतो. खडबडीत किंवा मऊ जमिनीवर तोच 40 किलोपर्यंत जातो. चढ अवघा 3 अंशांचा असला तरी 21 किलोची भर पडते. तेव्हा कट्टे कमी करण्याआधी चाके आणि जमीन दुरुस्त करावी; हमालाला दोष देणे सोपे, पण चुकीचे आहे.

उन्हाळी धान गोदामात येतो तो मे-जूनमध्ये. स्नूक व सिरिएलो यांच्या 1974 च्या प्रयोगात उष्ण हवेत कामगारांनी ढकलण्याचे काम आपणहून सुमारे 16 टक्क्यांनी कमी केले होते. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो, हे धरून वरचे आकडे आणखी खाली आणावे लागतात.

तुमसर तालुक्यातील चिखला (भूमिगत) व डोंगरी बुजुर्ग (उघडी) या खाणींतील मॅंगनीज खनिज धानाच्या कितीतरी पट जड असते. अर्धा भरलेला टबही दिसतो त्याहून जड असतो, म्हणून नुसत्या नजरेने अंदाज घेऊ नये. गाडीच्या दांड्याला स्प्रिंगकाटा अडकवून सावकाश ओढला की लागणारा जोर किलोत थेट वाचता येतो; हे मोजमाप भरलेल्या गाडीवर आणि रोजच्या वाटेवरच घ्यावे.