चिठ्ठीवरचा पत्ता खरा कशावरून?

आजचा इतिहास जेमतेम वीस वर्षांचा आहे. पण तो तुमच्या खिशातल्या फोनशी थेट जोडलेला आहे.

फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. त्यात हजारो फंक्शन्स असतात. पुढे कुठलं चालवायचं, हे बऱ्याचदा मेमरीत लिहून ठेवलेल्या पत्त्यावरून ठरतं. गिरगावातल्या वाडीत पाहुणा चिठ्ठी वाचत खोली शोधतो ना, अगदी तसंच. हल्लेखोर नवी खोली बांधत बसत नाही, तो चिठ्ठीवरचा नंबर बदलतो. पाहुणा भलत्याच दारात! आणि कर्नल हातात गेला की फोटो, मेसेज, बँकेचं अ‍ॅप, सगळंच धोक्यात.

2005 मध्ये मार्टिन अबादी, मिहाई बुदियू, उल्फार एर्लिंगसन आणि जे लिगाटी यांनी यावर उपाय मांडला: कंट्रोल-फ्लो इंटेग्रिटी, म्हणजेच सीएफआय. उडी मारण्याआधी बघायचं, हे ठिकाण आधी ठरलेल्यांपैकीच आहे ना? पुढे ही तपासणी कंपायलरच कोडमध्ये घालू लागला. कंपायलर म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर. 2018 मध्ये आलेला गूगलचा पिक्सेल 3 हा कर्नलमध्ये असं सीएफआय असलेला पहिला अँड्रॉइड फोन. 2021 मध्ये ते मूळ लिनक्सच्या 5.13 आवृत्तीतही आलं.

पण गोची झाली ती पत्त्यातच! फंक्शनचा पत्ता विचारला की खऱ्या खोलीचा नाही, तर वॉचमनचा मिळायचा. हा वॉचमन म्हणजे जंप टेबल. त्यात कर्नलच्या प्रत्येक मॉड्यूलचा वॉचमन वेगळा. मग एकाच फंक्शनचे दोन पत्ते, आणि ‘दोन्ही एकच का?’ विचारलं तर उत्तर ‘नाही’. खरा पत्ता हवा असेल तिथे खास सोय करावी लागायची.

गूगलच्या सामी टोल्वानेन यांनी रचनाच बदलली. डिसेंबर 2022 मध्ये लिनक्स 6.1 सोबत केसीएफआय आलं. वॉचमन गेला, दारावर पाटी आली. फंक्शनच्या सुरुवातीच्या अगदी आधी 32 बिटांची एक खूण. फंक्शन काय घेतं आणि काय परत देतं, यावरून ती बनते. बोलावणारा आधी पाटी वाचतो. जुळली नाही, तर आत पाऊल टाकायचं नाही. आणि पत्ता पुन्हा खरा!

अर्थात, एकाच प्रकारच्या दोन फंक्शन्सवर पाटी सारखीच असते. तेवढी फट उरतेच. परतीच्या वाटेवरही वेगळा पहारा लागतो. तेव्हा ‘सिस्टिम अपडेट’ची सूचना आली की ‘नंतर’ दाबू नका. भेटूया पुढच्या भागात!