पूर्वींचे लोक कोणते ग्रंथ वाचीत, हें कशावरून ओळखावें ?

१. हल्लीं दोन वाचनप्रिय गृहस्थ भेटले म्हणजे “सध्यां आपल्या वाचनांत काय आहे ?” असा प्रश्न सहजच निघतो व त्याचें उत्तरहि तितक्याच सहज मिळतें. मुद्रणपूर्व काळांतील एखाद्या शास्त्र्याला, हरदासाला किंवा खेड्यांतील श्रोतृसमुदायाला हाच प्रश्न विचारावयाचा झाल्यास उत्तर कोठें शोधावें ? सामान्यतः जुन्या संग्रहांच्या याद्यांकडे बोट दाखविण्यांत येतें. परंतु यादीवरून संग्रह कळतो, वाचन कळत नाहीं. वाचनाचा पुरावा बहुधा पोथीच्या अंगावरच असतो. आणि सूची करितांना व पोथ्या नीटनेटक्या करितांना नेमका तोच नाहींसा होतो. याकडे संग्राहकांचें लक्ष वेधावें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२. प्रथम यादीची साक्ष पाहूं. कवींद्राचार्य सरस्वती हे मूळचे गोदातीरचे, आश्वलायन शाखेचे ऋग्वेदी ब्राह्मण. संन्यास घेऊन ते काशीस राहिले. शहाजहानाच्या दरबारीं रदबदली करून त्यांनीं काशी व प्रयाग येथील यात्राकर माफ करविला, आणि ‘सर्वविद्यानिधान’ ही पदवी त्यांस मिळाली. त्यांच्या ग्रंथसंग्रहाची म्हणून जी यादी उपलब्ध आहे, ती बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९२१ सालीं छापली गेली. तींत २१९२ नोंदी आहेत. एवढा विस्तार पाहून मन थक्क होतें. पण यांपैकीं आचार्यांनीं स्वतः कोणते ग्रंथ वाचले, शिष्यांना कोणते पढविले व कोणते केवळ फडक्यांत बांधून ठेविले, याविषयीं यादी मुकी आहे. पुढें हा संग्रह विखुरला. तथापि त्यांच्या पोथ्यांवर पदवीसह आचार्यांचें नांव व ‘पुस्तकम्’ असा शेरा असे. त्यामुळें बिकानेरसारख्या दूरच्या संग्रहांत गेलेल्या त्यांच्या पोथ्याहि विद्वानांस ओळखतां आल्या. यादीनें जें सांगितलें नसतें, तें पानावरील एका ओळीनें सांगितलें.

३. दुसरी साक्ष अवतरणांची. पैठणहून काशीस गेलेल्या रामेश्वरभट्टांचे पणतू कमलाकरभट्ट यांनीं १६१२ सालीं ‘निर्णयसिंधु’ रचिला. त्यांत शेंकडों स्मृति व निबंध यांचा नामनिर्देश आहे. त्यावरून काशीच्या पंडितमंडळांत कोणत्या ग्रंथांची चर्चा होती हें कळतें, आणि ग्रंथकारांचा पूर्वापरक्रम लावण्यासहि त्याचा मोठा उपयोग होतो. मात्र येथेंहि सावध राहिलें पाहिजे. निबंधकार कित्येक वचनें मूळ ग्रंथ हातीं न घेतां पूर्वींच्या निबंधांतून उचलीत. म्हणून नामनिर्देश झाला एवढ्यावरून तो ग्रंथ वाचला होता असें म्हणतां येत नाहीं.

४. तिसरी साक्ष पोथीच्या अंगावरची, व हीच सर्वांत बलवत्तर. तिचे तीन प्रकार करितां येतील.

(अ) पुष्पिका. ग्रंथसमाप्तीनंतर नक्कल करणारा शक किंवा संवत्, मास, तिथि व स्थळ देतो. आणि पुष्कळदां पोथी कोणाच्या पठनासाठीं लिहिली तेंहि सांगतो. ‘आत्मपठनार्थ’ किंवा अमक्याच्या ‘पठनार्थ’ असे शब्द आढळले म्हणजे त्या वर्षीं, त्या गांवीं, त्या मनुष्याला हा ग्रंथ हवा होता एवढें ठरतें. शिवाय स्वतःकरितां नक्कल करणें हें अक्षरशः सावकाश केलेलें वाचनच होय. समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे, तो उगाच नव्हे.

(आ) शोधन. हरताळ लावून झांकलेलें अक्षर, समासांत लिहिलेला गळलेला शब्द, पदच्छेदाच्या बारीक रेघा, कठीण शब्दावर दिलेला पर्याय, हीं सर्व जागरूक वाचकाचीं चिन्हें होत. कित्येक पोथ्यांत टीपा आरंभींच्या पानांवर दाट असतात व पुढें एकाएकीं थांबतात. अध्ययन कोठपर्यंत गेलें हें तेथें दिसतें. ज्ञानेश्वरीचें उदाहरण प्रसिद्धच आहे. शके १२१२ मध्यें झालेल्या या ग्रंथांत पुढें इतके अपपाठ शिरले कीं, शके १५०६ मध्यें एकनाथांस त्याचें शोधन करावें लागलें, आणि मूळांत आपली ओवी घालणारास त्यांनीं शेवटीं खडसाविलें. हा दोष खरा. पण तोच लोकप्रियतेचाहि पुरावा आहे. ज्याला कोणी वाचीत नाहीं, त्या ग्रंथाला पाठभेद होत नाहींत.

(इ) उसनवारी. दुसऱ्याच्या हातीं गेलेलें पुस्तक गेलेंच, आणि परत आलेंच तर फाटकें-तुटकें येतें, अशा अर्थाचें सुभाषित सर्वांस ठाऊक आहे. तेल, पाणी व सैल बंधन यांपासून मला जपावें आणि मूर्खाच्या हातीं देऊं नये, अशी पोथीच विनविते, असा श्लोकहि पुष्कळ पोथ्यांच्या अखेरीस असतो. हा इशारा इतक्यांदा लिहावा लागला, यावरूनच पोथ्या हातोहात फिरत असत हें उघड होतें. पोथीचीं पानें सुटीं असल्यानें तिचे भाग करून नेणें व उतरून घेणें सोपें जाई. तेव्हां मधलींच पानें नसलेली ‘त्रुटित’ पोथी दरवेळीं उंदरांनीं किंवा पावसानेंच खंडित केली असें नाहीं. एखाद्यानें वाचावयास नेलेला वांटा परत आला नाहीं, असेंहि संभवतें.

५. प्रतींच्या संख्येवरून वाचकांची संख्या काढणेंहि धोक्याचें आहे. चातुर्मासांत देवळांत पुराणिकानें एक पोथी सोडली म्हणजे तिच्याभोंवतीं सगळी आळी जमे. त्यांतील बहुतेकांस अक्षरओळखहि नसे. अशा पोथीच्या पहिल्या पानावर हळदकुंकवाचे डाग, पानांत अडकलेली अक्षता, दिव्याच्या तेलाचे ठिपके व बोटांनीं मळलेले कोपरे दिसतात. हे डाग कुरूप असतील. पण त्या गांवानें काय ऐकलें याची ती नोंद आहे. उलट, स्वच्छ, सुंदर व अस्पृष्ट पोथी संग्राहकाला मोहविते खरी; वाचनाच्या इतिहासांत मात्र ती बहुधा कांहींच बोलत नाहीं.

६. औफ्रेख्त यांच्या १८९१, १८९६ व १९०३ सालीं निघालेल्या बृहत्सूचीनें ग्रंथ व ग्रंथकार यांचा मार्ग दाखविला. पुढील वर्णनात्मक सूचींनीं आद्यंत व पुष्पिका दिल्या. आतां याच्या पुढचें पाऊल टाकिलें पाहिजे. पुष्पिका अशुद्धासह जशीच्या तशी उतरावी. समासांतील टीपा कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत आहेत तें नोंदावें. बासनांत सांपडलेली चिठी ‘फुटकळ कागदां’त न टाकतां त्याच पोथीच्या क्रमांकाखालीं ठेवावी. जुनें बासन बदलणें भाग पडल्यास त्यावरील अक्षरें आधीं उतरून घ्यावीं. पानांच्या कडा छाटूं नयेत. छायाचित्रें घेतांना कोरीं व मळकीं पानेंहि वगळूं नयेत.

ग्रंथाचा पाठ एका प्रतींतून गेला तर दुसरींत मिळण्याची आशा असते. वाचकाची खूण त्या एकाच प्रतींत असते, व ती पुसली गेली म्हणजे त्या वाचकाची साक्ष कायमची बुडते.