स्मार्ट प्लग घरात लावताय? गिझर, पाण्याचा रॉड आणि मोटरचं काय करायचं ते आधी वाचा

पोरगं ऑनलाइन मागवतं, पार्सल येतं आणि आतून निघतो मुठीएवढा पांढरा ठोकळा. एका बाजूला तीन पिना, दुसऱ्या बाजूला तीन भोकं. हा ठोकळा बोर्डात घालायचा, त्यावर आपल्या वस्तूची पिन लावायची आणि मोबाईलवरून चालू-बंद करायची. हाच स्मार्ट प्लग. महावितरण बसवतंय तो स्मार्ट मीटर वेगळा, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. दोन्हींत गल्लत करणारे बरेच भेटतात म्हणून हे आधीच सांगितलं.

आपल्या जिल्ह्यात याचा उपयोग आहे का? आहे. खानापूर, आटपाडी भागातली गलाई व्यवसायातली कुटुंबं देशभर पसरलेली आहेत. गावातलं घर एक तर कुलूपबंद असतं, नाहीतर तिथं आई-वडील दोघंच असतात. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्यांच्या घरीही तेच. लांब बसून घरातली एखादी वस्तू चालू-बंद करता आली तर कुणाला नको आहे? पण या ठोकळ्याला डोळे नाहीत. बटण दाबणारा तिकडं, वस्तू इकडं. ती वस्तू कुणी समोर नसताना चालू झाली तर चालेल का, एवढा एकच प्रश्न प्रत्येक वस्तूला विचारायचा. सगळं त्यावर ठरतं.

छोटी पिन, मोठी पिन

प्लग दोन मापांत मिळतात, 6 अँपिअर आणि 16 अँपिअर. आपला घरगुती सप्लाय 230 व्होल्टचा. म्हणजे 6 अँपिअरचा प्लग जास्तीत जास्त 1380 वॅट पेलतो आणि 16 अँपिअरचा 3680 वॅट. टीव्ही, टेबल फॅन, राउटर, मोबाईलचे चार्जर, देवघरातली माळ हे सगळं छोट्यात आरामात बसतं. 2000 वॅटचा गिझर जवळजवळ 9 अँपिअर ओढतो आणि 3000 वॅटचा 13. तिथं 16 अँपिअरचाच प्लग पाहिजे, आणि तोही मोठ्या पिनेच्या पावर पॉइंटवर, ज्याला जाड वायर आलेली असते. बाजारात मोठी पिन छोट्या भोकात बसवून देणारा ॲडॅप्टर मिळतो. तो वापरून गिझर छोट्या पॉइंटवर चालवला की आतली वायर तापते, आणि भिंतीतली वायर तापलेली बाहेरून कळत नाही.

घेताना प्लगवर अँपिअर छापलेत का आणि बीआयएसची खूण आहे का ते बघा. प्लग-सॉकेटसाठी आपल्याकडं आयएस 1293 हे मानक आहे. ज्यावर काहीच छापलेलं नाही असा दोन-तीनशे रुपये स्वस्त ठोकळा घरात आणू नका. लावल्यावर पहिल्या दिवशी अर्धा तास वस्तू चालवा, बंद करा आणि प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला, वास आला किंवा सॉकेट काळं पडलं असेल तर काढून टाका. बऱ्याचदा दोष प्लगचा नसतो, जुन्या बोर्डातलं सॉकेट ढिलं झालेलं असतं.

लाईट गेली आणि परत आली की काय होतं?

शहरात बसून लिहिलेल्या माहितीत हा मुद्दा सहसा नसतो, आणि आपल्याला तोच सगळ्यात जास्त लागतो.

समजा मुलानं पुण्यातून सकाळी सहाला आईसाठी गिझर चालू केला आणि पाच मिनिटांत लाईट गेली. आईनं चुलीवर पाणी तापवलं, अंघोळ केली, शेताकडं गेली. दहा वाजता लाईट आली. आता प्लग काय करणार? अनेक प्लग लाईट जाण्याआधी जसे होते तसेच परत होतात, म्हणजे चालू. घरात कुणी नाही आणि गिझर दिवसभर तापतोय. गिझरमधला थर्मोस्टॅट चांगला असेल तर बिलावर भागतं. तो खराब असेल तर सेफ्टी व्हॉल्व्हच्या भरवशावर राहावं लागतं.

ॲपमध्ये यासाठी सेटिंग असतं. कुठं त्याला पॉवर-ऑन स्टेट म्हणतात, कुठं रिले स्टेटस. तीन पर्याय असतात: लाईट आल्यावर बंद राहा, चालू हो, किंवा आधीसारखं हो. तापणाऱ्या प्रत्येक वस्तूला ‘बंद’च ठेवा. ज्या प्लगमध्ये हे सेटिंग नाही, तो गिझरसाठी घेऊच नका. शिवाय ठरलेल्या वेळेनं आपोआप बंद होणारा टायमर लावा. 15 लिटरचा 2000 वॅटचा गिझर गार पाणी साधारण 20 मिनिटांत तापवतो, म्हणजे अर्धा तास पुष्कळ झाला. त्या अर्ध्या तासाला जास्तीत जास्त एक युनिट जातं. ज्यांच्याकडं टीओडी मीटर बसलेत त्यांच्यासाठी महावितरणनं दिवसा 9 ते 5 या वेळेतल्या वापरावर सवलत जाहीर केली आहे. तेव्हा पाणी दुपारी तापवून ठेवलेलं चालत असेल तर टायमर त्या वेळेत बसवावा. सवलतीचा आकडा बदलत असतो, बिलावर बघून घ्यावा.

लाईटबरोबर वायफायही जातं हेही ध्यानात ठेवा. राउटर इन्व्हर्टरवर असेल तर तो चालू राहील, पण प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवर नसेल तर ॲपमध्ये ‘ऑफलाइन’ दिसणार. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उलट गिझरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवर चुकून लागला असेल तर इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन अख्ख्या घरात अंधार.

पाण्याच्या रॉडला स्मार्ट प्लग नको

इथं पर्याय नाही, सवलत नाही. बादलीत सोडायचा रॉड साधारण 1500 वॅटचा, म्हणजे साडेसहा अँपिअर. 6 अँपिअरच्या प्लगला तो आधीच जड. पण वजनाचा प्रश्न दुय्यम आहे. बादलीत पाणी आहे का, रॉड नीट बुडालाय का, कुणाचा हात पाण्यात आहे का, हे मोबाईलवर दिसत नाही. रॉडचा नियम घराघरात माहीत आहे: पाणी बघायच्या आधी पिन काढायची. स्मार्ट प्लग आला की माणूस पिन काढत नाही, ‘ॲपमध्ये बंद आहे’ म्हणतो आणि हात घालतो.

आणि ॲपमध्ये बंद म्हणजे खरंच बंद का? प्लगच्या आत रिले असतो, चालू-बंद करताना टक् आवाज येतो तो त्याचाच. पुष्कळ प्लगांत हा रिले दोनपैकी एकच वायर तोडतो, फेजची. पण आपल्या जुन्या घरांत वायरमननं फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले बोर्ड काही कमी नाहीत. अशा बोर्डात प्लग न्यूट्रल तोडतो, वस्तू बंद पडते, पण तिच्यात करंट राहतोच. तपासायला सोपं आहे. अर्थिंगचं मोठं भोक वर धरलं तर समोरून बघताना उजव्या भोकात टेस्टर पेटायला हवा. डाव्या भोकात पेटला तर वायरमनला बोलवा, आधी ते सुलट करून घ्या. त्याच फेरीत अर्थिंग बघून घ्या आणि मेनला 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळायला लागला की ती सप्लाय तोडते. प्लगपेक्षा हा खर्च आधी करावा, असं माझं मत.

कपड्यांची इस्त्री, शेगडी, रूम हीटर यांनाही हाच न्याय. शेजारी माणूस नसताना यातलं काही चालू व्हायला नको.

मोटरचं काय?

सगळ्यात जास्त विचारणा मोटरची होते. हौदातलं पाणी टाकीत चढवणारी अर्धा-एक एचपीची सिंगल फेज मोटर पिनेवर असते, म्हणून लोकांना वाटतं प्लग लावला की काम झालं. मोटर चालू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. रोज असा धक्का बसला की रिलेचे पॉइंट जळतात, कधी एकमेकांना चिकटतात. मग ॲपमध्ये बंद दिसतं आणि मोटर चालूच. टाकी वाहून जाते, हौद रिकामा होतो, कोरडी चालून मोटर जळते. उन्हाळ्यात टँकरचं पाणी असेल तर नुकसान दुप्पट. लावायचंच असेल तर वायरमनकडून मध्ये काँटॅक्टर बसवून घ्या. मग मोटरचा भार काँटॅक्टर उचलतो आणि प्लग फक्त त्याला इशारा देतो. पाणी संपल्यावर मोटर बंद करणारं ड्राय-रन संरक्षण मात्र वेगळंच लागतं, प्लगला पाणी कळत नाही.

विहिरीवरच्या थ्री फेज मोटरला हा प्लग लागत नाहीच. तिथं सिमकार्डवर चालणारे मोबाईल स्टार्टर मिळतात, ते त्याच कामासाठी केलेले असतात. लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणारे ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असं महावितरण शेतकऱ्यांना वारंवार सांगतं. कारण सप्लाय आल्या क्षणी सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. घरातल्या प्लगचं ‘आधीसारखं हो’ हे सेटिंग म्हणजे त्याच ऑटोस्विचचं छोटं भावंड.

मग लावायचा कशाला?

कुलूपबंद घरात संध्याकाळी सात ते दहा एक दिवा लागावा, म्हणजे घरात जाग आहे असं दिसतं, याला झकास. वडिलांच्या खाटेजवळच्या टेबल फॅनला चालेल. अडकलेला राउटर रात्री एकदा बंद-चालू करायला टायमर लावता येतो. टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स रिमोटनं बंद केले तरी थोडी वीज खातात, ती तोडता येते. पण प्लग स्वतःही साधारण एक वॅट खातो, म्हणजे महिन्याला पाऊण युनिट. त्यामुळे फक्त बिल वाचवायला मोबाईलच्या चार्जरवर प्लग लावणं म्हणजे उंदरासाठी मांजर आणि मांजरासाठी म्हैस. फ्रीजला कायमचा लावू नका, चुकून बंद झाला तर दूध-भाजी गेली. मात्र वीज मोजणारा प्लग असेल तर दोन दिवस फ्रीजला लावून तो खरंच किती युनिट खातो ते बघता येतं. जुना फ्रीज बदलायचा की नाही, याचा निर्णय त्यावरून करता येईल.

छताचा पंखा आणि ट्यूब पिनेवर नसतात, त्यांना प्लगचा उपयोग नाही.

जोडताना बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. हे प्लग सहसा 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात आणि फोन 5 वर जोडलेला असतो. फोन 2.4 वर आणा, मग प्लग सापडतो. ॲपचा पासवर्ड घरातल्या एका माणसाकडं तरी लिहून ठेवा. प्लग दुसऱ्याला देताना आधी ॲपमधून काढून रिसेट करा, नाहीतर त्याच्या घरातला दिवा तुमच्या मोबाईलवर राहील.

वळवाचा पाऊस, विजांचा कडकडाट सुरू झाला की प्लग बोर्डातून उपसून ठेवा. न्यूट्रल तुटून व्होल्टेज चढलं तर तो स्वतःही वाचत नाही आणि त्याच्यावरची वस्तूही नाही. तो स्टॅबिलायझर नव्हे. आणि प्लगच्या अंगावर एक बारीक बटण असतं, ते इंटरनेट नसतानाही चालतं. आई-वडिलांना ॲप शिकवण्याआधी ते बटण दाखवा, दोन-तीन वेळा त्यांच्याच हातानं दाबून घ्या.