बोलपटातील बोलका रेडा

पशूला माणसासारखी बुद्धी आणि वाचा लाभली तर काय होईल, हा प्रश्न विज्ञानकथेने रुपेरी पडद्यावर वारंवार मांडला आहे. एच. जी. वेल्स यांच्या १८९६ सालच्या कादंबरीतील डॉक्टर मोरो शस्त्रक्रिया करून पशूंची माणसे बनवू पाहतो. तीवरून १९३२ साली निघालेल्या अमेरिकन चित्रपटास इंग्लंडात कित्येक वर्षे प्रदर्शनाची परवानगीच मिळाली नाही. पुढे पियेर बूल या फ्रेंच लेखकाच्या कादंबरीवरून १९६८ साली ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ हा चित्रपट आला. त्यात वानर राज्य करतात, न्यायनिवाडे करतात आणि माणसे मात्र मुकी असतात.

मराठी प्रेक्षकाने बोलणारा पशू पडद्यावर पाहिला तो याच्या बराच आधी, १९४० साली, पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत ज्ञानेश्वर’ या बोलपटात. हा विज्ञानपट नव्हे, संतपट. तथापि त्यातील पैठणच्या रेड्याचा प्रसंग याच प्रश्नाला भिडतो, आणि काही बाबतींत अधिक खोल जातो.

कथा सर्वश्रुत आहे. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला व गुरूच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले. त्याबद्दल समाजाने त्यांना वाळीत टाकले. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त पत्करले, तरी संन्याशाच्या मुलांचा कलंक पुसला गेला नाही. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चार पोरकी भावंडे शुद्धीसाठी पैठणच्या धर्मसभेपुढे उभी राहिली. ज्ञानदेव हे नाव ऐकून कोणीतरी उपहासाने म्हणाले, नावात काय आहे, त्या पखालीच्या रेड्यालाही ज्ञान्याच म्हणतात. त्या रेड्यात आणि आपल्यात भेद नाही, असे ज्ञानदेवांनी उत्तर देताच रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला गेला आणि वळ उमटले ते ज्ञानदेवांच्या अंगावर. मग त्यांनी रेड्याच्या मस्तकी हात ठेवला व तो वेद बोलू लागला. महिपतींच्या ‘भक्तविजया’ने ही कथा घरोघर पोहोचवली.

इतिहासाच्या कसोटीवर ही कथा उतरत नाही, हे खरेच. पण तिचा रोख अचूक आहे. येथे रेडा माणूस बनत नाही, की माणसाची जागाही घेत नाही. तो रेडाच राहतो. उघडी पडते ती वेदोच्चाराचा अधिकार आपल्यापुरता राखून ठेवणाऱ्यांची मिरास. या ज्ञानदेवांनीच शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, गीतेचा अर्थ मराठीत सांगून जे केले, तेच लोकमनाने या पशूच्या मुखी घातले असावे.

हा प्रसंग पडद्यावर आणणे सोपे नव्हते. मूकपटात दादासाहेब फाळके यांनी १९१७ साली ‘लंकादहना’त हनुमान उडवून दाखवला होता, रेड्याकडून वेद वदवायला मात्र ध्वनी हवा. दिग्दर्शक दामले व फत्तेलाल या जोडीतील विष्णुपंत दामले हे ‘प्रभात’च्या ध्वनिमुद्रणाचे सूत्रधार, तर फत्तेलाल कलादिग्दर्शक. त्यामुळे चमत्कार यथातथ्य वाटावा असा उभा करण्याचे सामर्थ्य घरातच होते. १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ही याच जोडीचा. ज्ञानेश्वरांची भूमिका करणारे शाहू मोडक जन्माने ख्रिस्ती होते. धर्मसभेने अधिकार नाकारलेल्या मुलाची भूमिका त्यांच्याकडे यावी आणि महाराष्ट्राने त्यांच्याच मुद्रेत ज्ञानेश्वर पाहावे, हा योग लक्षणीय म्हटला पाहिजे.

गंमत अशी, की १९६८ च्या त्या अमेरिकन चित्रपटातही एक धर्मसभा भरते. तेथे न्यायासनावर वानर आणि पुढे उभा एक बोलणारा माणूस. त्याचे बोलणे कानी पडत असतानाही त्याला बुद्धी आहे हे पंडित मान्य करीत नाहीत. एक क्षण तर ते तिघे आपले डोळे, कान आणि तोंड झाकून बसलेले दिसतात. पैठणचे पंडित मात्र कथेत अखेर नमतात. तिकडचा मुख्य पंडित सत्य जाणतो आणि तरीही ते दडपतो.

पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील आळे या गावी त्या रेड्याची समाधी दाखवतात. भावंडे पैठणहून परतत असता तेथे त्याने देह ठेवला अशी श्रद्धा आहे. समाधीपुढे आजही लोक हात जोडतात, नारळ फोडतात.