कौल कोणाचा घ्यायचा?

कोकणात देवाला कौल लावतात तेव्हा गुरव सांगेल तो देवाचा शब्द. प्राचीन ग्रीसमध्ये डेल्फीच्या देवळातली पुजारीण बोले ती देववाणी. अशा देववाणीला इंग्रजीत ‘ओरॅकल’ म्हणतात. आपल्या काळातील संगणकवाल्यांनी हा शब्द उचलला. मौज अशी, की कोणावरही विश्वास ठेवायचा नाही अशी जिथे प्रतिज्ञा होती, नेमक्या तिथेच त्याची गरज पडली!

ब्लॉकचेन म्हणजे एक हिशेबाची वही, आणि तिच्या प्रती हजारो संगणकांवर. एकाने आकडा खोडला तर बाकीच्या प्रती त्याला खोटे पाडतात. जुलै २०१५ मध्ये इथेरियम सुरू झाले आणि या वहीत आपोआप अमलात येणारे करार लिहिण्याची सोय झाली. अमुक घडले की तमुक रक्कम द्यावी. पण अमुक घडले, हे वहीला कळावे कसे? सर्व संगणकांचे उत्तर तंतोतंत एकच यावे लागते, म्हणून ज्याने त्याने बाहेर डोकावून भाव पाहावा, ही मुभा तिथे नाही. बाहेरची बातमी कोणी तरी आत आणून द्यावी लागते. हा बातमीदार म्हणजे ओरॅकल.

आरंभी हे काम बहुधा एखाद्याच सेवेकडे असे. मला विचाराल तर, मग हजार प्रतींचा खटाटोप हवा कशाला? सप्टेंबर २०१७ मध्ये सर्गेई नाझारोव्ह, स्टीव्ह एलिस आणि प्राध्यापक आरी ज्यूल्स यांनी ‘चेनलिंक’ची योजना मांडली : बातमीदार पुष्कळ असावेत, आणि त्यांच्या उत्तरांचा मेळ घालून एकच उत्तर काढावे. भावांच्या बाबतीत आकडे क्रमाने लावून मधला घेतात. एखाद्याने भलताच आकडा सांगितला तरी तो टोकाला पडून राहतो. मे २०१९ च्या अखेरीस हे जाळे इथेरियमवर चालू झाले.

पुढच्याच महिन्यात ‘सिंथेटिक्स’ या व्यवहारमंचावर अनर्थ ओढवला. त्यांची भाव आणण्याची व्यवस्था स्वतःचीच होती. कोरियाच्या वॉन या चलनाचा भाव एका पुरवठादाराकडून हजारपट आला, आणि एका स्वयंचलित व्यापाऱ्याने तासाभराच्या आत कागदोपत्री शंभर कोटी डॉलरांवर नफा केला! करार कुठेच चुकला नव्हता. त्याला सांगितले ते त्याने केले. शेवटी त्या व्यापाऱ्याच्या मालकाला बक्षीस देऊन सौदे उलटवावे लागले. सिंथेटिक्सने पुढे चेनलिंकचे भाव घेतले, २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘आवे’ या कर्जमंचानेही तेच घेतले. २०२१ मध्ये ‘पिथ’ निघाले. त्याची तऱ्हा निराळी. तिथे बाजारातल्या व्यापारी पेढ्याच आपले भाव कळवितात.

आता बातमीदार अनेक आणि प्रामाणिकही, तरी ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘मँगो मार्केट्स’ लुटले गेले. एका इसमाने त्या मंचाच्या नाण्याचा भाव बाजारातच काही मिनिटांत कित्येक पट चढविला आणि त्या फुगलेल्या नफ्याच्या तारणावर अकरा कोटी डॉलरांच्या घरात रक्कम उचलली. बातमीदारांनी भाव खरा तोच कळविला होता. बाजारातच तो तसा होता.