दस्त नोंदणी (सरावली व पालघर तालुका)

सरावली हे पालघर जिल्ह्याच्या पालघर तालुक्यातील, बोईसरलगतचे गाव आहे. तेथील जमीन, घर, गाळा किंवा सदनिका यांच्या व्यवहारांचे दस्त नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवले जातात. ही कार्यालये राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या अधीन असून विभागाचे मुख्यालय पुणे येथे आहे. स्थावर मालमत्तेचा नोंदवलेला दस्त कोणासही पाहता येतो. मात्र नोंदणीमुळे मालकीची हमी मिळत नाही.

== नोंदणीची सक्ती व रीत ==
अधिनियमाच्या कलम १७ नुसार १०० रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेत हक्क निर्माण करणारे दस्त, स्थावराची बक्षीसपत्रे आणि एक वर्षाहून अधिक मुदतीचे भाडेपट्टे नोंदवणे बंधनकारक आहे. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. घरभाड्याचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवण्याची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने घरमालकावर टाकली आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीतील महामंडळाचे भूखंड सामान्यतः ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले जातात. त्यामुळे बोलण्यात ज्याला भूखंडाची 'विक्री' म्हणतात, तो वस्तुतः पट्ट्याच्या हक्काचे हस्तांतर असतो व त्यास महामंडळाची संमती लागते.

दस्त निष्पादनापासून चार महिन्यांत सादर करावा लागतो. पुढील चार महिन्यांपर्यंतचा विलंब दंड भरून माफ होऊ शकतो. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी भरल्यावर पक्षकार निबंधकासमोर निष्पादन कबूल करतात, त्यांची छायाचित्रे व अंगठ्यांचे ठसे घेतले जातात. नोंदवलेला दस्त नोंदणीच्या नव्हे, तर निष्पादनाच्या दिवसापासून अमलात येतो (कलम ४७).

== अभिलेखांची पाहणी ==
स्थावर मालमत्तेचे दस्त पुस्तक क्र. १ मध्ये नोंदवले जातात. कलम ५७ नुसार हे पुस्तक व त्याच्या सूची फी भरून कोणीही पाहू शकतो आणि नक्कल मागू शकतो. अर्जदाराचा त्या मालमत्तेशी संबंध असण्याची अट नाही. पुस्तक क्र. ३ मधील मृत्युपत्राची नक्कल मात्र ते करणाऱ्याच्या हयातीत त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीलाच मिळते.

व्यवहारात सर्वाधिक वापर 'सूची क्र. २' या उताऱ्याचा होतो. दस्ताचा प्रकार, मोबदला, बाजारमूल्य, सर्व्हे किंवा गट क्रमांक, क्षेत्रफळ, पक्षकार व दस्त क्रमांक त्यात एकत्र मिळतात. विभागाच्या संकेतस्थळावर संगणकीकरणानंतरच्या दस्तांचा शोध घेता येतो. त्याआधीच्या दस्तांसाठी कार्यालयातील वर्षनिहाय सूची चाळाव्या लागतात. शोध घेताना जुनी प्रशासकीय नावे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला, म्हणून त्यापूर्वीच्या दस्तांत जिल्हा ठाणे असाच उल्लेख येतो; ब्रिटिशकालीन कागदांत तालुक्याचे नाव माहीम असे आढळते. हे माहीम म्हणजे केळवे-माहीम. मुंबईतील माहीमशी त्याची गल्लत होण्याचा संभव असतो.

== सातबारा आणि दस्त ==
दस्त नोंदवल्याने सातबाऱ्यावरील नाव त्याच क्षणी बदलत नाही. निबंधकाकडून महसूल यंत्रणेला सूचना जाते, तलाठी फेरफार नोंदवहीत (गाव नमुना ६) नोंद घेतो, संबंधितांना नोटीस दिली जाते आणि हरकतींचा विचार करून नोंद प्रमाणित होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, परंतु फेरफारामुळे मालकी निर्माण होत नाही. सूची क्र. २ मधून व्यवहार कळतो, तर कर्जाचा बोजा, कूळ किंवा हस्तांतरावरील बंधन सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात आढळते. एकच कागद पाहून घेतलेली जमीन पुढे वादात सापडण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

== नोंदणीच्या मर्यादा ==
विक्रेत्याची मालकी तपासणे हे नोंदणी अधिकाऱ्याचे काम नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सत्यपाल आनंद प्रकरणात (२०१६) म्हटले. केवळ कुलमुखत्यारपत्र व साठेकराराच्या आधारे मालकी हस्तांतरित होत नाही, हे सूरज लॅम्प प्रकरणातील (२०११) निर्णयाने स्पष्ट झाले. मुद्रांक कागदावर नोटरी केलेल्या करारानेही खोलीची मालकी मिळत नाही.

पालघर जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला देण्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. विक्रीसाठी शासनाची पूर्वमान्यताही आवश्यक असते. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या अशा जमिनी परत देण्यासाठी १९७४ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यामुळे या काळातील जुन्या दस्ताची तारीख आजही निर्णायक ठरू शकते.